सहा किलोमीटर, मार्गे मुंबई-दिल्ली: इंदूर-उज्जैनच्या चार संस्था जोडताना

या प्रकरणातल्या चारही संस्थांची नावं मुद्दाम गाळली आहेत. शहर इंदूर आहे हे लपवून उपयोग नाही, वाचणारा पहिल्या पानावरच ओळखेल. मी यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचं नेटवर्क सांभाळत होतो. म्हणजे पुढे ज्या चुका येतील, त्यातल्या निम्म्या माझ्याच खात्यावरच्या आहेत.

पार्श्वभूमी

२०१६ चा सिंहस्थ आटोपला, त्यानंतरच्या वर्ष-दीड वर्षातली ही गोष्ट. शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागात स्लाइड स्कॅनर आला. काचपट्टीवरचा ऊतीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली थोडा थोडा सरकवत बघण्याऐवजी हे यंत्र तो अख्खाच्या अख्खा टिपून ठेवतं. ४० पट विवर्धनाला एका पिक्सेलमध्ये पाव मायक्रॉन. काप १५ मिलिमीटर लांब-रुंद धरला तर एका बाजूला ६०,००० पिक्सेल, एकूण ३६० कोटी. न दाबता ठेवलं तर एकाच स्लाइडचे जवळजवळ ११ जीबी होतात, दाबून सव्वा जीबीच्या आसपास येतात.

विभागाच्या प्रमुखांना सगळे ताईच म्हणतात. त्यांच्या स्लाइड्सवरून पेशी ओळखायला संगणकाला शिकवण्याचं काम आमच्याकडचा एक गट करत होता, कारण अशा आकडेमोडीला लागणारे वेगवान प्रोसेसर, जीपीयू, आमच्याकडे होते. एका खेपेला साधारण २०० स्लाइड, म्हणजे २५० जीबी. दोन इमारतींमधलं अंतर सहा किलोमीटर.

पहिली खेप नेटवरून पाठवायचा प्रयत्न झाला, तेव्हा वेग १० एमबीपीएसच्या थोडा वर घुटमळत राहिला. त्या वेगानं २५० जीबीला दोन दिवस आणि पाच तास लागतात, तेही मधे वीज गेली नाही तर. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी ते बंद केलं, सगळं एका पोर्टेबल डिस्कवर चढवलं आणि लॅबमधल्या मुलाला अॅक्टिव्हा देऊन पाठवलं. तो २५ मिनिटांत आला. मला ताईंचा फोन आला, "तुमचं ते हायस्पीड राहू द्या, माझा मुलगा पोचला का सांगा."

आमच्या संगणक केंद्रातून निवृत्त होऊनही रोज सकाळी येणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही काका म्हणतो. १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्यावर मोडेमच्या किरकिरीत ई-मेल पाठवलेली ही पिढी. काकांनी चहाच्या कपाशेजारी हिशेब मांडला: २५० जीबी २५ मिनिटांत, म्हणजे अॅक्टिव्हाचा वेग १.३ गिगाबिट. आमच्याकडच्या सगळ्यात जाड लाइनपेक्षा जास्त. डिस्कवर चढवायला पाऊण तास आणि उतरवायला पाऊण तास लागतो हे त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं, पण ते बोलून दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

आमच्याकडची ती जाड लाइन म्हणजे राष्ट्रीय ज्ञान जाल, एनकेएन. मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारनं या जाळ्याला ५,९९० कोटी रुपये आणि १० वर्षांची मुदत देऊन मंजुरी दिली आणि काम एनआयसीकडे, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे, सोपवलं. कल्पना अशी की देशभरच्या विद्यापीठांना, प्रयोगशाळांना आणि संशोधन संस्थांना बाजारातल्या इंटरनेटपासून वेगळा, मोकळा आणि वेगवान रस्ता मिळावा. आम्हाला त्यातून १ गिगाबिट मिळालं होतं, शहराबाहेरच्या एका केंद्रीय संस्थेलाही तेवढंच. वैद्यकीय महाविद्यालय त्यात नव्हतं, त्यांच्याकडे एका खासगी कंपनीची १०० एमबीपीएसची लाइन होती. चौथी संस्था उज्जैनची. तिथला एक संख्याशास्त्राचा गट ताईंच्या प्रकल्पात होता. केंद्रीय संस्थेकडे साठवणुकीची मोठी यंत्रणा होती, तिथे सगळ्या स्लाइड्स कायमच्या ठेवायच्या असं ठरलेलं.

अडचण

काकांनीच सुचवलं म्हणून मी ताईंच्या संगणकावरून आमच्या सर्व्हरपर्यंत ट्रेसराउट चालवला, म्हणजे डेटा वाटेत कुठकुठल्या यंत्रांतून जातो त्याची यादी काढली. सोळा ओळी आल्या. पहिल्या दोन ताईंच्या इमारतीतल्या, तिसरी त्यांच्या कंपनीची, पुढे मुंबई, मग दिल्ली, दिल्लीत एनकेएनमध्ये प्रवेश आणि तिथून परत इंदूर. दोन पुरवठादारांची शहरात कुठेच गाठ पडत नव्हती, त्यामुळे सहा किलोमीटर अंतर कापायला पाकीट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, अडीच-तीन हजार किलोमीटर फिरून येत होतं. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एवढ्या फेऱ्याला जाऊन-येऊन कमीत कमी २८-३० मिलिसेकंद लागणारच, मधल्या राउटरांसकट आम्हाला ५० दिसत होते.

तो कागद मी छापून घेतला आणि पुढचे सहा महिने प्रत्येक बैठकीत फिरवला. कुलसचिवांपासून वित्त अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना तो एका नजरेत कळायचा. रामबागेतून राजवाड्याला जायला दिल्लीहून गाडी बदलायची म्हणजे काय, हे समजायला संगणकाचं ज्ञान लागत नाही. कागदाचा परिणाम इतका चांगला झाला की दुसरं काही मोजायची गरजच कुणाला वाटली नाही. मलासुद्धा नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता. वैद्यकीय महाविद्यालयाची लाइन वाढवून घ्यायची. पैसे लगेच देता आले असते, पण पाकीट पुन्हा मुंबई-दिल्लीच करणार. हा पर्याय एका बैठकीत बाद झाला.

दुसरा पर्याय काकांचा लाडका, स्वतःची फायबर टाकणं. सहा किलोमीटर खोदायचं किती, असं ते म्हणायचे. त्यात दोन खोडे निघाले. एक, सार्वजनिक रस्त्याखालून केबल न्यायची तर परवानगी, पुनर्भरणाचे पैसे आणि पुढची देखभाल एका शिक्षणसंस्थेनं अंगावर घ्यायची. टेलिकॉमच्या रिवाजाप्रमाणे नळी १.६५ मीटर खोल जाते. मालव्याची काळी माती वरून लोण्यासारखी, पण पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खाली बेसाल्ट लागला की खोदणाऱ्याचा दर बदलतो. दोन, तयार पडलेली काळी फायबर, म्हणजे कुणी टाकून ठेवलेली पण न वापरलेली, भाड्यानं घ्यावी असाही विचार होता. पण तेव्हाच्या नियमांप्रमाणे ज्या कंपन्यांकडे फक्त आयपी-१ नोंदणी होती, म्हणजे नळ्या-तंतूंसारख्या सुविधा उभारून भाड्यानं देण्याची, त्या असे तंतू परवानाधारक दूरसंचार कंपन्यांनाच देऊ शकत होत्या, आमच्यासारख्यांना नाही. हे आम्हाला दोन महिने वाटाघाटी केल्यावर, करारनाम्याचा मसुदा वकिलाकडे गेल्यावर समजलं. पहिल्या आठवड्यात विचारायला हवं होतं.

तिसरा पर्याय परवानाधारक कंपन्यांकडून दोन ठिकाणांमधली थेट लाइन भाड्यानं घ्यायचा. तंतू त्यांचे, जबाबदारी त्यांची, आपल्याला दोन टोकांना १ गिगाबिट मिळतं. इंदुरातल्या तीन संस्थांमध्ये अशा तीन लाइन टाकल्या की वर्तुळ पूर्ण होतं, एक बाजू तुटली तर दुसरीकडून वाहतूक वळते. उज्जैनला एक वेगळी शेपटी.

चौथा पर्याय कुणी गंभीरपणे मांडला नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. काहीच भाड्यानं न घेता आधी आहे त्या लाइनवर १० च का मिळतात ते शोधायचं. १०० एमबीपीएसच्या लाइनवर १० मिळत होते आणि आम्ही सगळे त्याचं खापर दिल्लीवर फोडत होतो.

तिसरा पर्याय घेतला. खरी ओढाताण पैशाच्या शीर्षावर झाली. रूसासारख्या (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान) योजनेतून स्विच, ऑप्टिक्स, रॅक घ्यायला पैसे मिळायचे, तो भांडवली खर्च. दर वर्षीचं भाडं हा आवर्ती खर्च, आणि तो देणारं कुणी नसतं. ज्यांची वाहतूक सगळ्यात जास्त त्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे नेटवर्कसाठी अंदाजपत्रकात ओळसुद्धा नव्हती, औषधांच्या खरेदीत ती कुठे बसवणार? वापराप्रमाणे वाटणी केली तर ज्यांच्यासाठी हे चाललंय तेच आधी बाहेर पडतील, हे ताईंनी स्पष्ट सांगितलं. शेवटी इंदुरातल्या तिघांनी प्रत्येकी एकेक लाइनचं भाडं सारखं उचलायचं ठरलं. उज्जैनची लाइन ५५ किलोमीटरची, तिचं भाडं एकट्या उज्जैनवर पडत होतं आणि त्यांना ते झेपण्यासारखं नव्हतं. "दुसऱ्या टप्प्यात तुम्हाला घेऊ," असं त्यांना सांगितलं गेलं. दुसरा टप्पा या शब्दांचा अर्थ आपल्याकडे काय असतो हे त्यांनाही माहीत होतं. त्यांचे प्राध्यापक त्या दिवशी निघताना एवढंच म्हणाले, "ठीक आहे, आमच्याकडे महाकाल आहे."

आणखी एक गोष्ट पहिल्याच बैठकीत लिहून घेतली, ती बरी झाली. एनकेएनची जोडणी ज्या संस्थेच्या नावावर आहे ती तिच्याच वापरासाठी. या वर्तुळातून शेजाऱ्याला इंटरनेट द्यायचं नाही, फक्त आपापसातला डेटा फिरेल. नाहीतर वर्षभरात वसतिगृहांचे सिनेमे त्यावरून वाहिले असते.

काय केलं

दोन वेगळ्या कंपन्या घेतल्या, मुद्दाम. केंद्रीय संस्थेकडे जाणाऱ्या दोन लाइनपैकी एक एकीची, दुसरी दुसरीची, म्हणजे एकीचं काही बिघडलं तरी दुसरी चालू राहील. निविदेत आम्ही लिहिलं होतं, "दोन स्वतंत्र मार्ग". दोन्ही कंपन्यांनी "होय" लिहून दिलं. नकाशा मागितला नाही.

खोदकाम रात्री. २०१७ पासून सलग सात वर्षं इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं, आणि त्याचा ठेकेदारांवरचा धाक मी डोळ्यांनी पाहिलाय. रात्री अकराला खड्डा, पहाटे पाचला माती दाबून, झाडून रस्ता मोकळा. पावसाळ्यात बंद. रंगपंचमीच्या गेरीआधीच्या (गेर म्हणजे रंगांची मिरवणूक) दिवसांत राजवाड्याच्या आसपास कुणी फावड्याला हात लावायचा नाही, हे न सांगता कळलेलं.

लोकांना वाटतं जाळं म्हणजे शहरभरचं खोदकाम. आमचा खरा वेळ गेला तो फाटकापासून सर्व्हर रूमपर्यंतच्या तीनशे मीटरमध्ये. आमच्या आवारात पूर्वी कधीतरी टाकलेली मल्टिमोड फायबर होती, जाड गाभ्याची, जवळच्या अंतरासाठीची, ६२.५ मायक्रॉनवाली जुनी. तिच्यावर १ गिगाबिट साधारण पावणेतीनशे मीटरपर्यंत जातं, १० गिगाबिट ३३ मीटरपर्यंत. म्हणजे उद्या वर्तुळ १० गिगाबिटचं केलं असतं तरी ते फाटकापाशीच येऊन बसलं असतं. ती काढून बारीक गाभ्याची, लांब पल्ल्याची सिंगलमोड टाकायची होती, आणि मधे होती बागेची भिंत, एक जुनं सेप्टिक टँक आणि मुख्याध्यापकांच्या काळातलं एक आंब्याचं झाड, ज्याच्या मुळांना धक्का लागू नये असं लेखी पत्र आलं होतं. (आमचं महाविद्यालय पूर्वी शाळा होती.) झाडाला वळसा घातला, चाळीस मीटर वाढले.

जोडणीची रात्र नीट आठवते. जोडणीवाला मुलगा विशीतला, देवासचा. ताडपत्रीच्या आडोशाला स्टुलावर मशीन, डोक्याला विजेरी. चोवीस तंतूंची केबल सोलून त्यानं निळा तंतू उचलला, मग नारिंगी, मग हिरवा, मग तपकिरी, हा क्रम कधी चुकत नाही. स्पिरिटनं पुसायचं, कटरमध्ये ठेवून टक्‌ करून तोडायचं, दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर. पडद्यावर दोन करडे दांडे एकमेकांकडे सरकतात, एक ठिणगी, आणि खाली जोडावर वाया जाणाऱ्या प्रकाशाचा आकडा: ०.०२ डीबी. सातव्या तंतूला आकडा ०.११ आला. चालण्यासारखा होता. तो म्हणाला, "नहीं सर, कल को आप मुझे ही गाली दोगे," आणि तोडून पुन्हा जोडला. या प्रकरणात ज्यानं मोजून, न पटलेलं पुन्हा केलं असा पहिला माणूस तोच होता. पहाटे आम्ही दोघांनी भंवरकुआँला पोहे खाल्ले.

काय झालं

वर्तुळ सुरू झालं त्या दिवशी ताईंपासून आमच्यापर्यंतचा जाऊन-येऊन वेळ ५० मिलिसेकंदांवरून १ वर आला. ट्रेसराउटच्या सोळा ओळींच्या चार झाल्या. वेग मोजला तर ५२४ एमबीपीएस. लाइन हजाराची, मिळतात सव्वापाचशे. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना आम्ही "पन्नास पट" असं सांगितलं, ते खरंच होतं. २५० जीबीची खेप आता तासाभरात जात होती. अर्धंच का मिळतंय, असं काकांनी विचारलं. मी म्हटलं, सुरुवात आहे, स्विच नवे आहेत.

महिनाभरानं आमच्या गटाला तीच चित्रं पुण्याच्या एका मोठ्या संगणकाकडे पाठवायची होती. तिथे एनकेएनमार्गे जायचं, आमच्या वर्तुळाचा त्याच्याशी संबंध नाही. आमच्याकडे १ गिगाबिट, त्यांच्याकडे त्याहून जास्त. वेग आला २१.

ही लाइन आमच्याकडे कित्येक वर्षं होती. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण आठशे मुलं एकदम साइट उघडतात, व्हिडिओ बघतात, तेव्हा हजारो छोटे प्रवाह मिळून लाइन भरते आणि आलेखावर सगळं ठीक दिसतं. एकच जाडजूड प्रवाह सोडला तरच दुखणं दिसतं, आणि तसा प्रवाह कुणी सोडतच नव्हतं. सोडलाच तर हळू चाललंय बघून माणूस म्हणायचा, सरकारी लाइन आहे, आणि पेन ड्राइव्ह शोधायचा.

काकांनी तीन आकडे फळ्यावर लिहिले. सुरुवातीचा साडेदहा, आताचा पाचशे चोवीस, पुण्याचा एकवीस. शेजारी प्रत्येकाचा जाऊन-येऊन वेळ: ५०, १, २५ मिलिसेकंद. मग आडवे गुणाकार केले. ५२५, ५२४, ५२५.

तिन्ही सारखे! रस्ता कुठलाही असो, एका फेरीत तेवढेच बिट जात होते: सव्वापाचशे हजार, म्हणजे ६५,५३५ बाइट. हा आकडा टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोच घेत घेत पाठवण्याची पद्धत, ज्यांना माहीत आहे त्यांनी ओळखला असेल. पोच येईपर्यंत किती डेटा पुढे पाठवायचा हे सांगायला टीसीपीच्या मथळ्यात १६ बिटांची जागा आहे, आणि १६ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा ६५,५३५. लांबच्या, वेगवान लाइनींना हे पुरत नाही म्हणून १९९२ मध्येच एक सोय झाली: संभाषणाच्या पहिल्या पाकिटात दोन्ही टोकांनी एक गुणक सांगायचा. विंडो स्केलिंग. हल्लीचे सगळे संगणक तो आपणहून सांगतात. म्हणजे वाटेत कुणीतरी तो खोडत होतं.

दोन लॅपटॉप घेतले. एक आमच्या फायरवॉलच्या, म्हणजे जाळ्याच्या दारातल्या पहारेकरी यंत्राच्या, आत लावला, दुसरा बाहेर. एकच पाकीट दोन्हीकडे पकडलं. आतल्या कागदावर पर्यायांच्या यादीत गुणक ७ लिहिलेला, बाहेरच्या कागदावर त्या जागी काहीच नाही. आमचीच फायरवॉल, पाकिटं "स्वच्छ" करण्याची एक जुनी सेटिंग, कधीकाळी कुठल्याशा हल्ल्याच्या भीतीनं चालू करून ठेवलेली. कुणी केली याची नोंद नाही. त्या काळात नोंदवही माझ्याकडे होती, एवढं सांगतो.

सेटिंग बंद केल्यावर पुण्याला जाणारा वेग ७०० च्या पुढे गेला, ताईंचा ९०० च्या वर. खेप आता पस्तीस-चाळीस मिनिटांत जाते. त्या संध्याकाळी काका बराच वेळ फळ्याकडे बघत बसले होते. मग म्हणाले, "म्हणजे अगदी पहिल्या दिवशी, दिल्लीमार्गे असतानासुद्धा..." मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. हो, तेव्हाही. ५० मिलिसेकंदांचा फेरा असला तरी १०० च्या लाइनवर ऐंशी-नव्वद मिळायला काही हरकत नव्हती. सव्वादोन दिवसांची खेप सहा-सात तासांत, रात्री लावून सकाळी तयार. सेटिंगसमोरची एक खूण काढून.

वर्तुळ तरीही लागलंच असतं असं माझं मत आहे. रोज एकाहून जास्त खेपा पाठवायच्या तर रात्रभराची लाइन पुरत नाही आणि १०० चं हजार सेटिंगनं होत नाही. पण तेव्हा आम्ही घाईत, पैसे मिळतायत तोवर घ्या या हिशेबानं गेलो. तसं नसतं तर उज्जैनसाठी थांबता आलं असतं.

पुढचा वाद सुरक्षा समितीशी. फायरवॉल प्रत्येक पाकीट उघडून बघते, मोठ्या प्रवाहात ती दमते. अमेरिकेतल्या ईएसनेट या संशोधनसंस्थांच्या जाळ्याच्या अभियंत्यांनी यावर 'सायन्स डीएमझेड' नावाची मांडणी लोकप्रिय केली आहे: संशोधनाच्या डेटासाठी दारातच वेगळी ओसरी, तिथे ठरावीक यंत्रं, ठरावीक पत्ते, स्विचवरच गाळणी, बाकी घर फायरवॉलच्या आत. समितीचं म्हणणं होतं की रुग्णांच्या स्लाइड फायरवॉलच्या बाहेर कशा ठेवता? प्रश्न रास्त होता, आणि आमच्याकडे त्याचं उत्तर तयार नव्हतं. ताईंनी ते दिलं. स्लाइड आपल्या विभागातून निघण्याआधीच नाव, नोंदणी क्रमांक आणि लेबलचा फोटो काढून टाकायचा, कुठली स्लाइड कुणाची याची वही फक्त त्यांच्या कपाटात. लेबलचा फोटो हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं: स्कॅनर काचपट्टीच्या टोकावरची चिठ्ठीही टिपतो, आणि तिच्यावर हातानं रुग्णाचं नाव लिहिलेलं असतं. आधीच्या खेपांत ती नावं अॅक्टिव्हावरून शहरभर फिरली होती.

आणि मग पुलिया, म्हणजे रस्त्याखालचा छोटा पूल. बायपासजवळ रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. एका रविवारी सकाळी जेसीबीचा दात नळीत घुसला आणि केंद्रीय संस्थेकडे जाणाऱ्या दोन्ही लाइन एकाच मिनिटाला गेल्या. दोन कंपन्या, दोन करार, दोन भाडी. मी दुपारी तिथे पोचलो तेव्हा खड्ड्यात दोन्ही कंपन्यांची माणसं शेजारी शेजारी बसून एकाच नळीतून आपापली केबल ओढत होती. पुलियेखाली जागा एकच, म्हणून दोघींनी तिसऱ्याच कुणाची नळी भाड्यानं घेतलेली. लाइन परत यायला सोमवारची पहाट उजाडली. खोदण्याआधी खाली कुणाच्या वाहिन्या आहेत ते विचारायचं सरकारी ॲप मार्च २०२३ मध्ये आलं. तेव्हा जेसीबीवाल्याला विचारायला कुणी नव्हतं, आणि त्यानंही कुणाला विचारलं नाही.

एका कंपनीनं पुढे वेगळी वाट काढून दिली, पण त्याला आठ महिने लागले. तेवढा काळ आम्ही गच्चीवरून गच्चीवर रेडिओ लावला. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला होता, त्यामुळे कागदपत्रं फार नव्हती. वेग कमी, पण जेसीबी तिथपर्यंत पोचत नाही.

आज पुन्हा करायचं तर

पहिला महिना फक्त मोजण्यात घालवीन. पर्फसोनार हे फुकट मिळणारं साधन आहे, दोन टोकांना दोन साधे संगणक ठेवले की ते दिवसरात्र एकमेकांना डेटा पाठवून वेग, विलंब आणि गळती लिहून ठेवतं. आम्ही ते वर्तुळ सुरू झाल्यावर दीड वर्षानं लावलं. ट्रेसराउट रस्ता दाखवतो. रस्त्यातला फाटकवाला खिशातून काय काढून घेतो ते त्यात दिसत नाही. तरी तो कागद प्रत्येकाला दाखवताना मला जो आनंद व्हायचा, तो सोडणं आजही अवघड जाईल हे कबूल करतो.

निविदेत "दोन स्वतंत्र मार्ग" या शब्दांऐवजी नळीपर्यंतचा नकाशा मागीन, गूगल अर्थवर उघडेल असा, आणि तो घेऊन स्कूटरवर पूर्ण वाट फिरून येईन. पुलिया, रेल्वेचं फाटक, नाला, एवढ्याच जागा बघायच्या; सगळ्या केबल तिथेच एकत्र येतात.

भाड्याचं कोडं आमच्याकडून सुटलेलं नाही. दर मार्चमध्ये तिन्ही संस्थांत तीच पत्रं फिरतात. एका वर्षी आमच्या वाट्याची रक्कम "प्रयोगशाळा साहित्य" या शीर्षाखाली बसवली होती, लेखापरीक्षकांनी काचेच्या नळ्या दाखवा म्हटलं. काचेच्या तंतूंवर आम्ही वेळ मारून नेली.

उज्जैन तीन वर्षांनी आलं, स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या अटींवर. त्यांच्या प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी दोन्ही टोकांना वेग मोजून कागद मागितला, सही करण्याआधी.

मागच्या दिवाळीनंतर आमची फायरवॉल बदलली. नवी, मोठी, जुन्या सेटिंग आपोआप उचलून घेणारी. रात्री दोनला पर्फसोनारचा पुण्याकडचा आलेख खाली पडला. सकाळी मी रॅकपाशी उभा असताना काकांचा घरून फोन आला, आलेख ते मोबाइलवर बघतात.

"किती?"

"एकवीस."

"बरं," म्हणाले, आणि फोन ठेवला. मी खूण काढली.